धोत्र्याचं बी, मिरचीचं बी : सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात विद्यापीठातल्या मुलांना फॉरेन्सिक मायक्रोस्कोपी, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायची विद्या, शिकवायची, तर पहिलं प्रात्यक्षिक मिरचीच्या बियांवर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात इथं घरोघरी वर्षाची चटणी होते, त्यामुळं बी मिळायला अडचण नाही. शेजारच्या काचेवर धोत्र्याचं बी ठेवायचं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच चपटी वाटतात. भिंगाखाली घेतलं की मिरचीचं बी पिवळट, गुळगुळीत आणि एकाच कडेचं दिसतं. धोत्र्याचं तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांचं आणि दुहेरी कडेचं. मग ब्लेडनं आडवं कापायचं. मिरचीच्या बियातला अंकुर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आत वळलेला असतो, धोत्र्याचा देठाकडं बाहेर वळतो. हात धुऊन घ्यायला मात्र विसरायचं नाही, धोत्रा विषारी आहे.

हा धडा मी हौसेनं निवडलेला नाही. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना खाण्यातून धोत्रा देऊन लुटण्याचे प्रकार देशभर होत. जेवणात सापडलेलं बी मसाल्यातलं की विषाचं, हे कुणीतरी कोर्टापुढं ठामपणे सांगावं लागे. अशाच गरजेतून सरकारी रासायनिक प्रयोगशाळा उभ्या राहिल्या : मद्रासला 1849 साली, कलकत्त्याला 1853, आग्र्याला 1864 आणि मुंबईला 1870 साली. त्यांचं मुख्य काम विषं शोधण्याचं होतं. आजही आपल्याकडं पोलीस ठाण्यात 'सीए रिपोर्ट आला का?' असं विचारतात, त्यातला सीए म्हणजे केमिकल ॲनालायझर. नाव रसायनाचं राहिलं, पण बी, केस, धागा ओळखण्याचं काम पहिल्यापासून भिंगाचंच होतं.

रक्ताच्या डागाचं उदाहरण मुलांना फार आवडतं. 1853 साली लुडविक टाइशमन यांनी दाखवून दिलं, की वाळलेल्या रक्तात थोडं मीठ आणि तीव्र ॲसेटिक आम्ल घालून तापवलं, की तपकिरी, तिरप्या चौकोनांसारखे स्फटिक दिसतात. डाग रक्ताचा, की गंजाचा नाहीतर पानाच्या पिचकारीचा, हा वाद तिथं मिटतो. पण रक्त माणसाचं आहे का, ते हे स्फटिक सांगत नाहीत. ताजं रक्त असेल तर कोंबडीच्या लाल पेशी लगेच ओळखू येतात, कारण त्या लांबट असतात आणि त्यांना केंद्रक असतं. वाळलेल्या डागातलं माणसाचं रक्त वेगळं काढता येऊ लागलं ते 1901 साली, पाउल ऊलेनहुथ यांच्या प्रतिद्रव्यांच्या (अँटिबॉडीच्या) चाचणीनं. भिंग कुठपर्यंत सांगतं आणि कुठं गप्प बसतं, हा या विषयाचा गाभा आहे आणि तो पहिल्या महिन्यातच मुलांच्या मनावर ठसायला हवा.

तपास हा शिकवण्याचा विषय आहे, ही मांडणी ऑस्ट्रियातले तपासी न्यायाधीश हान्स ग्रोस यांनी 1893 च्या आपल्या ग्रंथात केली. सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञाला कधी बोलवावं, हेही त्यांनी त्यात लिहिलं. या ग्रंथाचं इंग्रजी रूपांतर 1906 साली मद्रासला छापलं गेलं आणि ते तिथल्याच सरकारी वकिलांनी केलं होतं, ही गोष्ट आपल्याकडं फारशी सांगितली जात नाही. पुढं 1909 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या विद्यापीठात राइस यांनी पोलीसविज्ञानाची शाखा सुरू केली, तर 1910 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला न्यायालयाच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत लोकार यांनी प्रयोगशाळा थाटली. बंदुकीच्या दोन गोळ्यांवरचे चरे एकाच नजरेत शेजारी शेजारी दाखवणारा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक 1920 च्या दशकात अमेरिकेत रुळला. शिकागोत वॉल्टर मॅक्रोन यांनी 1960 साली निव्वळ सूक्ष्मदर्शकी शिकवणारी संस्था काढली.

भारतात मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठानं 1959 साली गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञानाचा विभाग सुरू केला. महाराष्ट्रात मुंबईची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था निघाली ती 2009 साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. एवढा उशीर का व्हावा, याची खंत वाटते. आम्ही बीएस्सीला होतो तेव्हा आठ जणांत एक सूक्ष्मदर्शक, त्याचा बारीक फोकसचा स्क्रू सैल आणि वर्षभर कांद्याची तीच ती साल. पाहायला शिकण्याआधीच आम्ही जर्नलमधली आकृती उतरवून घ्यायला शिकलो.

ती सवय कोर्टात किती महागात पडते, ते केसांच्या पुराव्यानं दाखवलं. केस जनावराचा की माणसाचा, हे भिंग चांगलं सांगतं : केसाच्या मधल्या गाभ्याची रुंदी माणसात एकूण जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी असते, बहुतेक जनावरांत निम्म्याहून जास्त. पण हा केस याच आरोपीचा, असं भिंग सांगू शकत नाही. अमेरिकेत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं तशा अर्थाच्या साक्षी दिल्या. 2015 साली फेरतपासणी जाहीर झाली, तेव्हा आरोपीविरुद्ध गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257 मध्ये साक्ष चुकीची निघाली. त्यांत फाशीची शिक्षा झालेलेही होते. साधन चांगलं होतं. पाहिलं त्याहून जास्त बोललं गेलं. म्हणून माझ्या प्रात्यक्षिकात निरीक्षण आणि निष्कर्ष वेगवेगळ्या पानांवर लिहायचे असतात. निरीक्षणाच्या पानावर 'सारखा' हा शब्द चालत नाही. रंग, जाडी, गाभा, खवले, जे दिसलं तेवढंच लिहायचं.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू झाली आहे. तिच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. एवढी माणसं कॉलेजांतूनच यायची आहेत, आणि मुद्देमालाचं सील फोडल्यावर समोर काय आहे ते त्यांना ओळखता आलं पाहिजे.

ओळखायचं तर तुलनेला नमुने लागतात आणि ते आपल्या मुलखातलेच लागतात. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. आज तिथल्या मागांवरून सुती आणि मिश्र सूत सहज मिळतं. कापसाचा तंतू भिंगाखाली पिळलेल्या फितीसारखा दिसतो, पॉलिस्टरचा काचेच्या कांडीसारखा सरळ. ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणाऱ्या प्रकाशात स्लाइडखालची तबकडी फिरवली तर पॉलिस्टर ठराविक कोनांत पार काळा होतो, कापूस पूर्ण विझत नाही. हे पहिल्यांदा पाहणारी मुलगी तबकडी परत परत फिरवत राहते, तेव्हा तिला मी घाई करत नाही.

दुसरा संग्रह पाण्याचा. बुडून मेलेल्या माणसाच्या अस्थिमज्जेत डायाटम सापडू शकतात. सिलिकाचं कवच असलेलं हे एकपेशीय शैवाल नायट्रिक आम्लातही टिकतं. प्रेतातले डायाटम आणि त्या ठिकाणच्या पाण्यातले जुळवून पाहावे लागतात, आणि पाण्यातल्या जाती ऋतूप्रमाणे बदलतात. आमच्या खोक्यात पंचगंगेच्या घाटावरच्या आणि रंकाळा तलावाच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या स्लाइड झाल्या आहेत. पावसाळ्यातल्या अजून करायच्या आहेत. नदी पात्राबाहेर पडण्याआधी एकदा आणि पाणी ओसरल्यावर एकदा.