माने वेगळा, मोने वेगळा

पॅरिसला जाऊन आलेल्यांच्या फोटोंखाली हा घोळ हमखास असतो. ओर्से म्युझियममधल्या ‘ऑलिंपिया’ ह्या चित्राचा फोटो आणि खाली ‘मोने ग्रेटच!’ अहो, तो माने. एदुआर माने, फ्रेंच चित्रकार. मोने म्हणजे क्लोद मोने, तोही फ्रेंच चित्रकार, कमळांचं तळं, जपानी पूल वगैरे, तो सगळ्यांना पाठ आहे, सोडून देऊ. बरं, माने आणि मोने ही दोन्ही आपल्याकडची आडनावं, शेजारच्या मानेकाकांना कोणी मोनेकाका म्हणत नाही, मग इथेच काय होतं? (आणि ‘मोनेट’, ‘मॅनेट’ तर नकोच, शेवटचा ट गिळायचा असतो.) १८६५ च्या प्रदर्शनात मोनेच्या समुद्राच्या चित्रांसाठी लोक मानेचं अभिनंदन करत सुटले आणि तो जाम वैतागला होता, म्हणजे दुखणं जुनंच आहे.

माने आठ वर्षांनी मोठा, त्याच्या चित्रांत माणसं जास्त, हे ठीक. खरी ओळख पटते ती काळ्या रंगावरून. मानेने १८७२ मध्ये काढलेलं बर्थ मोरिसो ह्या चित्रकर्तीचं पोर्ट्रेट ओर्सेलाच आहे, त्याच्यापुढे दोन मिनिटं थांबा. काळी टोपी, काळा ड्रेस, डोळे हिरवट होते म्हणतात पण तेही ह्याने काळेच केलेत, आणि एवढ्या काळ्यात ते चित्र उजळ दिसतं कारण त्याच्यासाठी काळा म्हणजे अंधार नाही, लाल-पिवळ्यासारखाच एक रंग. मग तिथेच मोनेचं ‘मॅगपाय’ शोधा. बर्फ, कुंपण, फाटकावर एक पक्षी. कुंपणाची सावली बर्फावर पडलीये ती चक्क निळी, जांभळट, काळं म्हणावं तर तेवढा तो पक्षीच.

एक सापळा मात्र आहे. ‘गवतावरचं जेवण’ नावाचं चित्र दोघांचंही आहे आणि दोन्ही ओर्सेत! विवस्त्र बाई तुमच्याकडे रोखून बघतीये ते मानेचं, १८६३ चं. मोनेचं भलंमोठं होतं, पण भाडं थकलं म्हणून घरमालकाकडे ठेवलं, तिथे ओल लागून बुरशी धरली, शेवटी कापावं लागलं, आता दोन तुकडे उरलेत.

आणि मानेला सरसकट इम्प्रेशनिस्ट (त्या क्षणाचा उजेड आणि रंग पकडणाऱ्या मोने वगैरेंच्या गटातला) म्हणणं मला अजिबात पटत नाही, त्या गटाच्या आठ प्रदर्शनांपैकी एकातही त्याने चित्र लावलं नाही. पण ‘ऑलिंपिया’खाली मोनेचं नाव टाकणाऱ्यांना थोडी सूट देतो, कारण माने गेल्यावर आपण गणपतीची वर्गणी काढतो तशी वर्गणी काढून, जवळजवळ वीस हजार फ्रँक जमवून, १८९० मध्ये ते चित्र सरकारला मिळवून दिलं ते मोनेनेच.