पान मागण्याआधीच हजर

3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) आपल्या घड्याळाचे 3 ठोके घेतो. स्वतःच्या रॅममधून डेटा मागवला, तर साधारण 100 नॅनोसेकंद, म्हणजे 300 ठोके, वाट पाहण्यात जातात. तोच डेटा शेजारच्या रॅकमधल्या यंत्राच्या मेमरीत असेल, तर वेगवान नेटवर्कवरूनही काही मायक्रोसेकंद लागतात. 5 मायक्रोसेकंद धरले तर 15,000 ठोके झाले!

अनेक यंत्रांची मेमरी एकच सलग मेमरी असल्यासारखी वापरता यावी, ही कल्पना काई ली (Kai Li) यांनी येल विद्यापीठातल्या 1986 च्या प्रबंधात मांडली. डेटा नेमका कुठे आहे याची फिकीर प्रोग्रॅमरने करायची नाही. हवं असलेलं पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, जवळ नसेल तर 'पेज फॉल्ट' होतो आणि ते दुसऱ्या यंत्राकडून आणलं जातं. सोय मोठी, पण अशा प्रत्येक फॉल्टला वरचा भुर्दंड बसतो. नेटवर्क कितीही सुधारलं तरी काचेच्या तारेतून प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम 20 सेंटिमीटर जातो. मग एकच वाट उरते: पंगतीतला मुरलेला वाढपी जसं ताट पाहून आधीच पोळी घेऊन येतो, तसं मागणीच्या आधी पान आणून ठेवायचं. याला प्रीफेचिंग म्हणतात.

पण पुढचं पान ओळखायचं कसं? मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेली 'लीप' ही पद्धत मला फार आवडते. समजा प्रोग्रॅमने 40, 43, 46, 112, 49, 52, 55 या क्रमाने पानं मागितली. मधलं 112 हे दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी आलेलं. सलग साखळी शोधणारी पद्धत इथे गडबडते. लीप लागोपाठच्या पानांमधला फरक पाहते: 3, 3, 66, उणे 63, 3, 3. मग या फरकांची चक्क निवडणूक घेते. एका मताने विरोधी मत रद्द करत जायचं, शेवटी उरेल तो उमेदवार. त्याला खरंच बहुमत आहे का, हे पुन्हा मोजून पाहायचं. बॉयर आणि मूर यांची ही जुनी युक्ती. तिला एक उमेदवार आणि एक मोजणी एवढंच लक्षात ठेवावं लागतं. इथे 3 जिंकतो, म्हणून 58, 61 ही पानं आधीच निघतात. आणलेली पानं वापरली गेली तर पुढच्या वेळी जास्त आणायची, नाही तर हात आखडता घ्यायचा.

हा आखडता हात महत्त्वाचा, कारण चुकलेला अंदाज फुकट नसतो. नको असलेलं पान नेटवर्क अडवतं, कामाच्या पानाला मेमरीतून बाहेर काढतं. सामायिक मेमरीत तर आणखी पंचाईत: आधीच आणलेल्या पानावर मूळ यंत्राने काही लिहिलं, की आपली प्रत बाद. म्हणजे फार लवकर आणणंही चुकीचंच.

सगळ्यात अवघड म्हणजे लिंक्ड लिस्ट, एकीला दुसरी जोडलेल्या नोंदींची साखळी. तिथे पुढचा पत्ता आधीच्या नोंदीतच लिहिलेला असतो, फरकांना काही लय नसते. जोसेफ आणि ग्रुनवाल्ड यांनी 1997 मध्ये कॅशसाठी (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीसाठी) सुचवलेला मार्कोव्ह प्रीफेचर असल्या वाटा पाठ करतो: गेल्या वेळी यानंतर काय मागितलं होतं? प्रोग्रॅम त्याच वाटेने परत आला तर हे छान चालतं. पहिल्याच फेरीत मात्र प्रत्येक दूरच्या नोंदीपाशी त्याला ते 15,000 ठोके थांबावंच लागतं.