वायर जोडलेली, वाट बंद

परवा एका कॉलेजच्या लॅबमध्ये अख्खं नेटवर्क बसलं. 'व्हायरस' म्हणून सकाळभर स्कॅनिंग झालं. रॅकला लिंबू-मिरची आधीपासूनच टांगलेली होती. शेवटी कारण सापडलं टेबलामागे. लॅबच्या स्विचमधून (संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) मुख्य स्विचकडे एक केबल जातच होती. कुणीतरी दुसरीही खोचली होती. दोन्ही स्विचचे हिरवे दिवे एका तालात अखंड लुकलुकत होते. केबल उपसली, दिवे शांत झाले. लिंबू-मिरची काढा, हे मी तिथेच सांगितलं. बिघाडाला कारण असतं, ते शोधावं लागतं.

'या पत्त्याचं कोण आहे?' अशी सर्वांसाठीची हाक आली, की स्विच ती आलेलं पोर्ट (केबल खोचायची जागा) सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. वाट गोल असेल तर हाक फिरून परत येते, पुन्हा पाठवली जाते. इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर, म्हणजे आयपी पॅकेटवर, आयुष्याचा आकडा असतो; प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्यावर पॅकेट टाकून देतो. स्विच ज्या पाकिटातून माहिती पाठवतो, त्या इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. ती मरत नाही.

मग दुसरी केबल टाकायचीच नाही? पण पहिली तुटली तर? हा पेच 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी सोडवला. त्यांची स्पॅनिंग ट्री पद्धत पुढे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेचं 802.1डी मानक झाली.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. सगळ्या वाटा झाडासारख्या एकाच मूळ स्विचपासून फुटायच्या असतात. सुरुवातीला प्रत्येक स्विच म्हणतो, 'मूळ मीच.' दर 2 सेकंदांनी तो शेजाऱ्यांना तीन गोष्टी कळवतो: माझ्या मते मूळ कोण, तिथवरचा खर्च किती, मी कोण. आपल्यापेक्षा लहान ओळख-क्रमांक ऐकला, की तो दावा सोडतो आणि तोच क्रमांक पुढे सांगू लागतो. थोड्याच वेळात सगळ्यांचं एकमत होतं. मग प्रत्येक जण मुळाकडे जाणारी स्वस्त वाट धरतो. खर्च म्हणजे पैसे नव्हेत, दुव्याच्या वेगावरून ठरलेला आकडा: 100 मेगाबिटच्या दुव्याचा खर्च 19, गिगाबिटचा 4. म्हणून गिगाबिटचे दोन टप्पे (8) 100 मेगाबिटच्या एका टप्प्यापेक्षा स्वस्त. प्रत्येक दुव्यावर मुळाला जवळचा स्विच पुढे पाठवण्याचं काम घेतो. उरलेलं पोर्ट बंद होतं. केबल मात्र जागेवरच असते आणि ते पोर्ट निरोप ऐकत राहतं. निरोप 20 सेकंद आले नाहीत, तर 15 सेकंद ऐकणं, 15 सेकंद पत्ते शिकणं, आणि वाट खुली. 2001 च्या रॅपिड आवृत्तीत हे बहुधा सेकंदभरात उरकतं.

ओळख-क्रमांकात आधी प्रायॉरिटी (आपल्याला बदलता येणारा आकडा) येते, मग मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला). प्रायॉरिटी सगळीकडे कारखान्यातलीच, 32768, राहिली तर लहान मॅकवाला जिंकतो, आणि तो बऱ्याचदा कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विच असतो.

त्या लॅबमध्ये स्पॅनिंग ट्रीची सोयच बंद होती. पीसी लावल्यावर नेट यायला 30 सेकंद लागतात, या वैतागापायी. आम्ही दोन्ही स्विचवर रॅपिड आवृत्ती चालू केली, मुख्य स्विचची प्रायॉरिटी 4096 केली आणि तीच केबल मुद्दाम पुन्हा खोचली. त्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी झाला.