चरबीचा स्टार्टर भलत्याच जीनमध्ये

'लठ्ठपणाचा जीन तपासा, त्यानुसार आहार घ्या' अशा जाहिराती आता लातूर-नांदेडातल्या मोबाईलवरही येतात. त्यात एफटीओ हे नाव हमखास असतं. 2007 मध्ये या जीनमधल्या बदलांचा वजनाशी संबंध सापडला. आई आणि वडील दोघांकडूनही असा बदल आलेल्या युरोपीय प्रौढांचं वजन, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी 3 किलो जास्त निघालं. बस, एफटीओ 'लठ्ठपणाचा जीन' ठरला!

गंमत अशी की हा बदल जीनच्या ज्या तुकड्यात आहे, त्यातून प्रथिन बनतच नाही. तो तुकडा म्हणजे नुसता स्टार्टर. स्टार्टर घराच्या भिंतीवर आणि मोटार शेतातल्या विहिरीत, तसा प्रकार. मोटार म्हणजे आयआरएक्स3 हा जीन, त्याच 16व्या गुणसूत्रावर डीएनएची सुमारे 5 लाख अक्षरं दूर. डीएनएची घडी पडते आणि दोन्ही जागा शेजारी येतात. एरवी एआरआयडी5बी नावाचं प्रथिन स्टार्टरवर बसून मोटार दाबून ठेवतं. तिथे 'टी'च्या जागी 'सी' हे एकच अक्षर आलं की त्याला नीट बसता येत नाही. मग आयआरएक्स3 आणि त्याचा भाऊबंद आयआरएक्स5 जोरात चालू होतात.

हे घडतं चरबीची पेशी अजून कच्ची असताना. तिच्यापुढे दोन वाटा असतात. बेज पेशीत तेलाचे बारीक थेंब आणि भरपूर मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, असतात. तिथलं यूसीपी1 हे प्रथिन या केंद्रांनी बाहेर ढकललेल्या प्रोटॉनना, म्हणजे धनभारित कणांना, आडवाटेने परत आत सोडतं. त्यामुळे एटीपी हे पेशीचं इंधन न बनता ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पांढऱ्या पेशीत एकच मोठा थेंब, म्हणजे निव्वळ साठा. 'सी' असला की पेशी पांढरीकडे झुकते. 2015 मध्ये संशोधकांनी माणसाच्या पेशींत क्रिस्पर या डीएनएची अक्षरं बदलण्याच्या तंत्राने 'सी'चा पुन्हा 'टी' केला, तेव्हा उष्णता तयार होणं 7 पटींनी वाढलं. अर्थात हे बशीतल्या पेशींत. जिवंत माणसात भुकेचाही वाटा असतो.

चरबी वितळावी म्हणून घेतलेल्या सकाळच्या गरम लिंबू-मधाने मात्र यातलं काहीच हलत नाही. कितीही कढत प्या, शरीर 37 अंशांच्या आसपासच राहतं. करडईच्या तेलाचे 15 मिली म्हणजे साधारण 120 कॅलरी, रिपोर्टमध्ये 'टी' असो वा 'सी'. उलट 2011 च्या एका मोठ्या विश्लेषणात, अंगमेहनत करणाऱ्या प्रौढांमध्ये या जीनचा लठ्ठपणावरचा परिणाम सुमारे 27 टक्क्यांनी कमी दिसला.