डिस्क मोकळी, तरी नेमनोड का दमतो?

(हडूप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

एचडीएफएसवर (हडूपची अनेक मशीनांवर पसरलेली फाइल साठवण) निम्मी डिस्क मोकळी असताना नेमनोडची (फाइलींच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य मशीनची) मेमरी भरते आणि सगळा क्लस्टर (जोडलेल्या मशीनांचा समूह) अडखळतो. अशा वेळी रॅम वाढवायची घाई होते. आमचं म्हणणं, आधी फाइली मोजा.

डेटा डेटानोडच्या (प्रत्यक्ष साठवण करणाऱ्या मशीनांच्या) डिस्कवर राहतो, पण कोणती फाइल कुठल्या फोल्डरात आणि तिचे ब्लॉक (साठवणीसाठी फाइलीचे पाडलेले भाग) कोणते, ही सगळी नोंद नेमनोड रॅममध्ये ठेवतो. दर फाइल, फोल्डर आणि ब्लॉकमागे साधारण 150 बाइट, असा ढोबळ हिशोब. ब्लॉक 128 एमबीचा धरला, तर 1 जीबीच्या सलग फाइलीच्या नोंदी होतात 9: आठ ब्लॉकच्या, एक फाइलीची. तोच डेटा 1 एमबीच्या तुकड्यांत ठेवला की 1,024 फाइली, तितकेच ब्लॉक, म्हणजे 2,048 नोंदी! डिस्कवर जागा मात्र तेवढीच. (छोटी फाइलही अख्खे 128 एमबी अडवते, हा गैरसमज आहे.)

हे तुकडे बहुधा लॉग गोळा करणाऱ्या जॉबमधून आणि तासागणिक पाडलेल्या पार्टिशनांतून (डेटाच्या वेगवेगळ्या भागांतून) येतात. स्पार्कमध्ये (डेटावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) शफल पार्टिशनची (डेटाची फेरवाटणी करताना पडणाऱ्या भागांची) मूळ सेटिंग 200 आहे. जुन्या आवृत्त्यांत ती तशीच राहिली, तर चिमुकल्या टेबलाच्याही 200 फाइली पडू शकतात. म्हणून खरा इलाज लिहितानाच करावा: फाइली एकत्र करून ओआरसी किंवा पार्केमध्ये (स्तंभवार साठवणीचे फाइल-प्रकार) ठेवाव्यात. जुना, क्वचित लागणारा डेटा हडूप आर्काइव्हमध्ये (अनेक फाइलींचं एक गाठोडं) बांधता येतो. मात्र आर्काइव्ह बनलं तरी मूळ फाइली तशाच राहतात, त्या आपणच काढायच्या. काढल्यावरही ट्रॅश किंवा स्नॅपशॉटमध्ये (फोल्डराची त्या क्षणाची जपलेली स्थिती) अडकल्या असतील तर मेमरी सुटत नाही. इथेच बहुतेक जण फसतात.

इरेजर कोडिंगने (पूर्ण प्रतींऐवजी डेटा परत उभा करता येईल असे जादा भाग ठेवण्याने) डिस्क वाचते. तीन प्रतींमुळे पडणारा 200 टक्के जादा भार सहा-तीनच्या रचनेत (सहा भाग डेटाचे, तीन जादा) 50 वर येतो, पण तो मोठ्या फाइलींसाठी. छोट्या फाइलींवर ते लावू नका.

रॅम वाढवायचीच असेल, तर एक अडचण लक्षात घ्या. हीप (जावावर चालणाऱ्या नेमनोडला दिलेली मेमरी) 32 जीबीच्या आत असेपर्यंत जावा 4 बाइटांचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) वापरते, पुढे 8 बाइटांचे. 31 चे 34 करून हाती फारसं काही लागत नाही; जायचं तर बरंच पुढे जा.

तपासणीसाठी आम्ही एफएसइमेजची (नेमनोडच्या नोंदी डिस्कवर जपणाऱ्या फाइलीची) प्रत वेगळ्या मशीनवर वाचतो, त्यामुळे चालू नेमनोडवर ताण येत नाही. फाइलींतला मजकूर आम्हाला दिसत नाही, पण नावं आणि पाथ दिसतात. नावांतच ग्राहकांची माहिती असेल तर प्रत देण्याआधी सांगा.