निशिगंध : परसबागेतील लागवड व कंदविभागणी

निशिगंध (गुलछडी, हिं. रजनीगंधा) ही पांढऱ्या, सुवासिक फुलांची, कंदापासून वाढणारी बहुवर्षायू ओषधी (नरम खोडाची वनस्पती) आहे. हार, वेण्या व फुलदाणीतील तिचा उपयोग सर्वपरिचित आहे. पुणे परिसरात ती शेतातही होते. येथे घरच्या वाफ्यातील व कुंडीतील लागवडीचा विचार केला आहे.

मूलस्थान मेक्सिको असले, तरी आज ही जाती केवळ लागवडीतच आढळते. ॲझ्टेक लोक स्पॅनिशांच्या आगमनापूर्वीपासून ती लावत. यूरोपात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. सेव्हिलचे वैद्य सिमोन दे तोव्हार यांच्याकडील कंद १५९४ च्या सुमारास वनस्पतिज्ञ क्लूसियस यांना मिळाले, असे मानतात. भारतात पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकातच आणली, हे मत बहुतेक पुस्तकांत आढळते. मात्र यूरोपातच ती इतक्या उशिरा आली असेल, तर हा काळ थोडा अलीकडे ओढणे सयुक्तिक वाटते. मेक्सिकोतील आकापुल्को व फिलिपीन्समधील मनिला यांदरम्यान स्पॅनिश गलबतांची ये-जा १५६५ पासून सुरू होती, त्यामुळे पूर्वेकडून आगमनही अशक्य नाही. सतराव्या शतकात अंबोइना (आजच्या इंडोनेशियातील) बेटावर राहून वनस्पतींची वर्णने लिहिणाऱ्या रुम्फियस यांनी ‘आमिका नोक्तुर्ना’ या नावाने तिची नोंद केली आहे.

वर्गीकरणाचा वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही. स्वीडिश वनस्पतिज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेले ‘पोलिअँथेस ट्युबरोजा’ हे नाव भारतीय उद्यानविद्येत अजून रूढ आहे. जनुकीय अभ्यासांत मात्र पोलिअँथेस ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) घायपाताच्या प्रजातीतच गुंतलेली दिसते, म्हणून २०१७ मध्ये ‘अगेव्ह अमिका’ हे नाव पुढे आले. गुणसूत्रांचा पुरावाही या नात्याला पोषक आहे : दोन्हींत मूळ संच तीसचा असून त्यात पाच मोठी व पंचवीस लहान गुणसूत्रे असतात. नवे नाव अधिक ग्राह्य वाटते आणि बागेतला अनुभवही त्याला धरूनच आहे. टेकडीवरचे घायपात एकदाच फुलते व मरते. मागे उरतात ती बुंध्याजवळची पिल्ले. निशिगंधाचा कंदही एकदाच फुलदांडा देतो व त्याच्या बगलेतील डोळ्यांपासून नवे कंद तयार होतात. विभागणीची गरज येथूनच निर्माण होते.

डॅफोडिलच्या कंदांना लागते तशी दीर्घ थंडी पुण्यात मिळत नाही. निशिगंधाला ती नकोच असते. डिसेंबर–जानेवारीत वाढ मंदावून पाने पिवळी पडू लागली, की पाणी तोडावे. दोन-तीन वर्षांत एका जागी कंदांची दाटी होते, दांडे आखूड येतात, फुले घटतात. असे गड्डे फेब्रुवारी–मार्चमध्ये खणून माती झाडावी व कंद हाताने सुटे करावेत. फुलून गेलेला मधला जून भाग काढून टाकावा. तो लावण्यात अर्थ नाही. दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे कंद त्याच हंगामात फुलतात. त्यांहून लहान कंद फेकू नयेत, ते वेगळ्या वाफ्यात वर्षभर पोसावेत. सुटे कंद सावलीत, हवेशीर जागी पसरून दोन-तीन आठवडे ठेवावेत आणि अधूनमधून उलटावेत, अन्यथा बुरशी धरते.

एप्रिल–मेमध्ये कंद सुमारे पाच सेंटिमीटर खोल व वीस सेंटिमीटर अंतरावर लावतात. भरपूर ऊन हवे. फुले साधारण तीन महिन्यांनी येतात. काळ्या भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून खोडकूज होते, तेव्हा गादीवाफा (उंच वाफा) करावा. कुंडीत पोयट्याच्या मातीत वाळू व शेणखत मिसळावे.

एकेरी (पाकळ्यांची एकच ओळ असलेले) वाण अधिक सुवासिक असतात व हारांसाठी चालतात. दुहेरी वाणांचे दांडे फुलदाणीसाठी. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे शृंगार व प्रज्वल (एकेरी), तसेच सुवासिनी व वैभव (दुहेरी) हे वाण प्रसिद्ध आहेत. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा (जमिनीतील सूक्ष्म जंताचा) उपद्रव झालेल्या वाफ्यात शृंगार तुलनेने तग धरतो. तेथे पुढील लागवडीपूर्वी एक हंगाम झेंडू घ्यावा. तोवर कंद दुसऱ्या जागी हलवावेत.