जुन्या गाडीचा वायपर: मोटर बदलण्याआधी हे वाचा

नाशिक शहरातल्या पावसात ढिला वायपरही चालून जातो. घोटी सोडून इगतपुरीकडे निघालात आणि कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या चाकांचं गढूळ पाणी काचेवर यायला लागलं, की त्याची खरी परीक्षा होते. घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा मिळेलच असं नाही. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा जुन्या गाड्या प्रेमाने सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक.

वायपर बंद पडला की बरेच जण थेट म्हणतात, "मोटर गेली." पुष्कळदा मोटर शाबूत असते आणि दोष भलतीकडेच निघतो. म्हणून आधी आवाज ऐका. स्विच लावल्यावर मोटर घुंघुं करते, पण वायपर हलत नाहीत, तर बहुधा लिंकेज सुटलंय. लिंकेज म्हणजे मोटरची ताकद दोन्ही वायपरपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या. त्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होतात, फुटतात आणि पट्टी निसटते. मोटरच्या मानाने बुशचा खर्च किरकोळ असतो. एकच वायपर थांबला असेल, तर आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या, बुडाचा नट आम्ही आधी बघतो. तो ढिला राहून आतले बारीक दाते घासले गेले असतील, तर नुसता नट आवळून भागत नाही. आर्म बदलावा लागतो, कधी स्पिंडलही, म्हणजे आर्म ज्यावर बसतो तो फिरणारा दांडा.

वायपर रेंगाळत चालत असेल, तर स्पिंडलमधलं ग्रीस सुकलेलं असतं किंवा आत गंज धरलेला असतो. दुसरं कारण अर्थिंगचं, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायच्या वाटेचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत मोटरचं अर्थिंग बॉडीतूनच होतं आणि बोल्टखाली गंज चढला की करंट नीट पोहोचत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या बॉडीला एक जादा वायर लावून बघायची. वेग वाढला, तर दोष अर्थिंगचा. एवढी साधी तपासणी केल्याशिवाय मोटर बदलू नये, हे आमचं ठाम मत आहे. मोटरच कमजोर निघाली, तरी काही मोटरींचे फक्त कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे, बदलून काम होतं.

स्विच बंद केल्यावर वायपर काचेच्या मधेच थांबतो का? मग बहुधा मोटरमधले पार्किंगचे कॉन्टॅक्ट, म्हणजे वायपरला जागेवर आणून थांबवणारे, खराब झालेले असतात. ते बऱ्याचदा साफ करून चालतात.

काहीच आवाज नसेल, तर आधी फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही घालू नका. लिंकेज जाम असेल तर फ्यूज उडून मोटर वाचवतो; तार घातली तर वायरिंग जळते.

खरखर आवाज आणि काचेवर पट्टे ही तक्रार बहुतेक वेळा रबराची असते. उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या गाडीचं रबर कडक होतं. नवं ब्लेड घालूनही ते थडथडत असेल, तर आर्म पिळलाय का, ते बघावं लागतं. ब्लेड घरी बदलत असाल, तर काचेवर जाड फडकं ठेवा. स्प्रिंगच्या जोराने उघडा आर्म आपटला तर काच तडकते. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालवू नका, ओरखडे कायमचे राहतात. पाण्याच्या टाकीत बोअरचं पाणी घातलंत, तर क्षाराने नोझल बुजतात.

गाडी झाडाखाली लावत असाल, तर बोनेटच्या मागच्या जाळीतला पाला काढत राहा. तिथली पाणी जायची वाट तुंबली, की पाणी साचून लिंकेज आणि मोटर गंजतात. लिंकेजपाशी हात घालताना चावी काढलेली असू द्या.

तपासणीसाठी शक्यतो मे महिन्यात या. जूनमध्ये गर्दी असते आणि जुन्या मॉडेलचा एखादा भाग मागवावा लागला, तर गाडी अडकून पडते. येताना वायपर नेमका कधी बिघडतो, हळू स्पीडला, जोरात की थांबताना, एवढं सांगा. बदललेला जुना भाग आम्ही तुमच्या हातात देतो.